विश्लेषण : स्मार्ट फळा आला, प्राध्यापकांना शिकायला वेळ कधी?

निगडी, आकुर्डी किंवा तळेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघाले आणि कोंडी लागली नाही, तर चाकणच्या वाहन कारखान्यांत पोहोचायला फार वेळ लागत नाही. कारखान्यातला बदल मात्र वर्गात पोहोचायला वर्षे घेतो. हे अंतर कापण्यासाठी महाविद्यालये स्मार्ट फळे, ऑनलाइन अध्यापन प्रणाली आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विकत घेत आहेत. पण ती वापरायला शिकण्यासाठी प्राध्यापकांना वेळ आणि आधार कोण देणार?

हा प्रश्न आताच का?

पिंपरी-चिंचवडचा वाहन उद्योग इंजिनभोवती वाढला. आता त्याच पट्ट्यात बॅटरी, मोटर नियंत्रण आणि सॉफ्टवेअरला महत्त्व आले आहे. बजाजचा विद्युत चेतक जानेवारी २०२० मध्ये बाजारात आला, त्यालाही आता काही वर्षे झाली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पदव्युत्तर पदवी घेतलेल्या अनेक प्राध्यापकांना हे विषय विद्यार्थीदशेत नव्हतेच. त्यातच राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यात विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. ते काम नीट झाले की नाही, हे जोखायचे तर प्राध्यापकालाही कारखान्याची ओळख हवी.

प्रशिक्षणाची सोय नाही का?

आहे, आणि ती जुनी आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रे सुरू झाली. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि २०२३ च्या शिक्षक दिनी ती मालवीय मिशनखाली आली. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. तंत्रशिक्षणातील नव्या अध्यापकांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आठ घटकांचा अभ्यासक्रम आखला आहे. त्याला अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील सराव आणि उद्योगातील प्रशिक्षण यांचीही जोड आहे. म्हणजे कागदावर उणीव फारशी नाही.

मग अडते कुठे?

वेळेवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा आठवडा ४० तासांचा असतो आणि त्यातले १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. उरलेल्या तासांत तयारी, संशोधन आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्यात उत्तरपत्रिका, प्रवेश, परीक्षेची कामे आणि मूल्यांकन समित्यांसाठीच्या फायली येतात. अभियांत्रिकीत शिक्षक-विद्यार्थी प्रमाणही २०१८ मध्ये १:१५ वरून १:२० करण्यात आले. एका प्राध्यापकामागे विद्यार्थी वाढले, तर नवे शिकण्याची उसंत कमी होणारच.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची अडचण आणखी मोठी आहे. त्यांना घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. आठवडाभर प्रशिक्षणाला जायचे, तर तेवढ्या पैशांवर पाणी सोडावे लागते.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. पदोन्नतीच्या निकषांत उद्बोधन आणि उजळणी वर्गांना स्थान आहे, ते योग्यच. पण शिकलेले वर्गात उतरले का, हे पाहायला पुढे कोणी येत नाही. आठवड्याचा ऑनलाइन वर्ग संपतो, प्रमाणपत्र फायलीत जाते आणि स्मार्ट फळ्यावर जुन्याच स्लाइड झळकतात.

याआधी काय घडले?

आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने ‘दहा हजार शिक्षकांचे प्रशिक्षण’ हा उपक्रम झाला. देशभरातील महाविद्यालये त्यात दूरस्थ केंद्रे होती. केंद्रांच्या समन्वयकांना आधी आयआयटीत प्रशिक्षण मिळे. मग मुख्य व्याख्याने थेट प्रक्षेपित होत आणि प्रात्यक्षिके समन्वयकांच्या देखरेखीखाली त्या त्या केंद्रात चालत. अडले तर विचारायला माणूस शेजारी होता.

त्याच काळात, ऑक्टोबर २०११ मध्ये, स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेटचा गाजावाजा झाला. दर्जा आणि पुरवठ्याच्या तक्रारींत तो मागे पडला. उपकरण जुने होते, बंदही पडते. ते हाताळण्याची समज प्राध्यापकात रुजली, तर पुढच्या उपकरणालाही कामी येते.

काय करता येईल?

पहिले, प्रशिक्षणाचे तास कार्यभारात धरावेत आणि त्या काळातील अध्यापनाची पर्यायी सोय व्यवस्थापनाने करावी. साधने खरेदी करतानाच त्यासाठीची रक्कम बाजूला काढावी. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन मिळावे.

दुसरे, प्रत्येक महाविद्यालयात अध्यापन तंत्रज्ञानासाठी एक जाणकार नेमावा. हा माणूस प्रोजेक्टर दुरुस्त करणारा नसावा. कोणत्या धड्याला चित्रफीत लागेल, कुठे प्रश्नमंजुषा पुरेल आणि कुठे खडू-फळाच बरा, हे त्याने प्राध्यापकासोबत बसून ठरवावे. एका महाविद्यालयाला हा खर्च पेलत नसेल, तर शेजारच्या तीन-चार संस्थांनी मिळून तो करावा.

तिसरे, उन्हाळी सुट्टीत काही प्राध्यापकांनी चाकण-भोसरीच्या कारखान्यांत दोन-तीन आठवडे काढावेत. गोपनीयता आणि सुरक्षिततेची उद्योगांची काळजी रास्त आहे. म्हणून सुरुवात नव्या वाहनांच्या आरेखन विभागापासून नको, देखभाल, गुणवत्ता तपासणी आणि कामगार प्रशिक्षण विभागांपासून व्हावी. परतल्यावर प्राध्यापकाने प्रमाणपत्राऐवजी बदललेले एक प्रात्यक्षिक दाखवावे.

पदवीधरांना काम येत नाही, ही उद्योगांची तक्रार जुनी आहे. त्यांना शिकवणाऱ्यांसाठी कारखान्याचे दार किती वेळा उघडले, याचा हिशेबही त्या तक्रारीसोबत मांडायला हवा. महाविद्यालयांनीही स्मार्ट फळ्यांच्या संख्येबरोबर प्राध्यापकांना शिकण्यासाठी दिलेले तास माहितीपत्रकात छापावेत. शुल्क भरणाऱ्या पालकांना तो आकडा अधिक उपयोगी पडेल.