पाहुणे सेवक आणि मुक्कामी सेवक

आपल्या दारीं सेवेच्या हेतूनें आलेल्या मनुष्यास ‘आपण राहणार किती दिवस?’ असें विचारणें शिष्टाचारास सोडून आहे, असें आपल्या लोकांस वाटतें. पाहुण्यास मुक्काम विचारूं नये ही आमची जुनी रीत खरी. परंतु पाहुणा निराळा व सेवक निराळा. पाहुण्याची बडदास्त यजमानानें ठेवावयाची असते. जो सेवक म्हणवून येतो आणि ज्याच्या राहण्याजेवण्याची, दुभाष्याची व गाडीघोड्याची तजवीज गांवासच करावी लागते, त्याला हा प्रश्न विचारण्याचा गांवास पुरा अधिकार आहे. किंबहुना तो न विचारल्यास गांवाचें नुकसान होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. ख्रिस्ती मंडळ्यांच्या स्वयंसेवेविषयीं आपल्याकडे जो वाद चालतो, तो बहुधा ‘हे लोक चांगले कीं वाईट’ या एकाच खुंट्याभोंवतीं फिरत असतो. या वादांत कोणी मुक्कामाचा हिशेब मांडीत नाहीं, म्हणून आज तो मांडण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेंतील व इतर संपन्न देशांतील चर्चांतून ‘मिशन ट्रिप’ या नांवाचा एक प्रघात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत फार वाढला आहे. सुटीच्या दिवसांत दहापंधरा तरुण-तरुणी वर्गणी गोळा करून मध्य अमेरिकेंत, आफ्रिकेंत किंवा आशियांत एखाद्या गरीब गांवीं जातात. आठ-दहा दिवस राहून शाळेच्या भिंतीस रंग देतात, एखादें घर उभें करितात, मुलांस गाणीं शिकवितात, प्रार्थना करितात, आणि छायाचित्रें घेऊन परत जातात. रॉबर्ट वुथनो या समाजशास्त्रज्ञाच्या पाहणीवरून सन २००५ च्या सुमारास एकट्या अमेरिकेंतून वर्षास सुमारें १६ लक्ष माणसें अशा रीतीनें परदेशीं जात, असा अंदाज निघाला होता. या सर्वांच्या मनांत कपट असतें असें म्हणण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. आपली रजा व आपला पैसा खर्चून ते येतात. आमच्या पदवीधरांपैकीं किती जण मे महिन्याची सुटी पदरमोड करून मेळघाटांत घालवितात, याचा विचार टीका करण्यापूर्वीं ज्याचा त्यानें करावा.

परंतु हेतु शुद्ध म्हणून काम चोख, हा न्याय कोणत्याहि कोर्टांत चालत नाहीं. विश्वस्ताचें मन निर्मळ होतें एवढ्यावरून विश्वस्तनिधीची तूट भरून निघत नाहीं. होंडुरास म्हणून मध्य अमेरिकेंत एक लहान व दरिद्री देश आहे. सन १९९८ च्या अखेरीस ‘मिच’ नांवाच्या वादळानें तेथें हजारों माणसें मेलीं व घरेंदारें वाहून गेलीं. त्यानंतर उत्तर अमेरिकेंतील चर्चांच्या तुकड्या तेथें घरें बांधावयास गेल्या. कांहीं घरें तेथल्याच ख्रिस्ती संस्थांनीं तेथल्याच मजुरांकडून बांधविलीं. कर्ट व्हर बीक हे स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयाचे प्राध्यापक, म्हणजे घरचेच साक्षीदार. त्यांनीं दोन्ही प्रकारच्या घरांची व कुटुंबांची चौकशी करून सन २००६ मध्यें ती प्रसिद्ध केली. प्रवासखर्च धरून पाहतां पाहुण्यांनीं बांधलेलें घर सुमारें ३० हजार डॉलरांस पडलें. स्थानिक संस्थेचें तसेंच घर सुमारें २ हजारांस. एका घराच्या पैशांत पंधरा घरें, हें गणित आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याची जरूर नाहीं. घर कोणी बांधलें यावरून आंत राहणाऱ्या कुटुंबाच्या स्थितींत कांहीं फरक पडला असें दिसून आलें नाहीं, आणि माणसांऐवजीं त्यांच्या भाड्याचा पैसा आला असता तर आणखी घरें झालीं असतीं, असें म्हणणारे तेथें पुष्कळ निघाले. स्वयंसेवकांचें मन तरी या यात्रेनें कायमचें पालटतें काय? घरीं परतल्यावर त्यांच्या दानधर्मांत म्हणण्यासारखी वाढ टिकून राहिल्याचें या चौकशींत आढळलें नाहीं.

अनाथाश्रमांची गोष्ट याहून वाईट आहे. आज एक ताई येते, मुलास कडेवर घेते, आठ दिवसांनीं निघून जाते; पुढल्या आठवड्यास दुसरी येते. माया लावून तोडण्याचा हा खेळ मुलाच्या मनावर काय परिणाम करीत असेल हें आईबापांस सांगावयास नको. कंबोडियांत परदेशी भेटकऱ्यांची वर्दळ वाढली तसतशी अनाथाश्रमांची संख्या वाढली, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप जिवंत होते. मागणी वाढली कीं माल पैदा होतो, हा बाजाराचा नियम मुलांसहि लागूं पडावा याहून शोचनीय तें काय! इव्हान इलिच या कॅथॉलिक धर्मगुरूनें सन १९६८ मध्यें मेक्सिकोस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सभेंत, तुम्ही खुशाल प्रवासास जा पण सेवेस म्हणून जाऊं नका, असें त्यांच्या तोंडावर सुनावलें होतें. बोलणें कडू होतें, पण तें त्यांच्याच धर्मांतील मनुष्याचें होतें.

इतकें वाचून ‘पाहा, मिशनरी सारे असेच!’ अशी टाळी कोणी पिटूं नये. ज्यांनीं मुक्काम केला त्यांचा इतिहास निराळा आहे व तो आपल्याच मुलखांतला आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस सन १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले, सन १८९४ मध्यें त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, व सन १९२८ पर्यंत तें चालविलें. आठ दिवस कोठें आणि जवळजवळ चाळीस वर्षें कोठें! तंबोऱ्याकरितां प्रसिद्ध असलेलें तें गांव दवाखान्याकरितांहि प्रसिद्ध झालें तें या चिकाटीनें. त्यांत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, केवळ आपल्या हातानें शस्त्रक्रिया करून ते थांबले नाहींत. सन १८९७ पासून त्यांनीं तेथें देशी विद्यार्थ्यांस वैद्यक शिकविण्याची शाळा चालविली. आपली विद्या दुसऱ्याच्या हातीं देणें हें पाहुण्यास कधींच साधत नाहीं, कारण त्यास वेळ नसतो.

पंडिता रमाबाईंचें नांव येथें घेतलेंच पाहिजे. शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते असा बोभाटा सन १८९३ मध्यें पुण्यांत झाला, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनींहि अंग काढून घेतलें. तक्रार अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सन १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत उपाशी मरणाऱ्या अनाथ व विधवा मुली शेंकडोंनीं उचलून केडगांवास आणणारी बाई तीच होती. तिच्यावर अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकीं कितीजण त्या वेळीं रेल्वेचें तिकीट काढून तिकडे गेले? आणि त्याच शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं अण्णासाहेब कर्व्यांनीं सन १८९३ मध्यें पुनर्विवाह केला, हें विसरूं नये. हिंगण्याच्या संस्थेच्या इतिहासांत केडगांवच्या बाईंचा धागा असा गुंतलेला आहे.

आतां धर्मांतराचा प्रश्न. तो टाळून या विषयावर लिहिणें म्हणजे वाचकांशीं लबाडी करणें होय. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदानें धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. परंतु प्रसाराच्या हक्कांत दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यांत सन १९७७ मध्यें दिला, व जबरदस्ती, फसवणूक आणि प्रलोभन यांनीं होणाऱ्या धर्मांतरास बंदी करणारे ओरिसा व मध्यप्रदेश सरकारांचे कायदे ग्राह्य ठरविले. हा निर्णय आम्हांस मान्य आहे. आजाऱ्याच्या औषधास किंवा भुकेल्याच्या भाकरीस बाप्तिस्म्याची अट घालणारा मनुष्य सेवक नव्हे, सावकार होय. पर्यटनाच्या परवान्यावर येऊन उपदेश करीत हिंडणें हेंहि कायद्यास मंजूर नाहीं, आणि ज्यास आपल्या धर्माचा अभिमान आहे त्यानें असें चोरपावलीं येऊं नये. परंतु हा कायदा दुधारी आहे. ज्या मनुष्यास आपण पिढ्यानुपिढ्या विहिरीवर पाय ठेवूं दिला नाहीं, तो आपल्या विवेकानें दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसला, तर त्याची वाट अडविण्याचा हक्क आपणांस कोणत्या कलमानें मिळाला? परकीय देणग्यांविषयींचा सन २०१० चा कायदा व त्यांतील सन २०२० ची दुरुस्ती यांविषयींहि हेंच. परदेशांतून आलेल्या पैशाचा पैन् पै हिशेब सरकारनें मागावा. मात्र हिशेबाच्या निमित्तानें चालता दवाखाना बंद पडूं नये, इतकें पाहणें हेंहि सरकारचेंच काम आहे.

आणि ज्यांस कायदा नकोच असतो त्यांनीं काय केलें तेंहि सांगितलें पाहिजे. ग्रॅहॅम स्टेन्स नांवाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ सन १९६५ मध्यें ओरिसांत आले व बारिपद्यास कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करीत तीस वर्षांवर राहिले. सन १९९९ च्या जानेवारींत मनोहरपूर गांवीं गाडींत झोंपले असतां त्यांस त्यांच्या दहा व सहा वर्षांच्या दोन मुलांसह जाळून मारण्यांत आलें. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानें सन २०११ मध्यें कायम केली. स्टेन्स यांच्या पत्नीनें खुन्यांस क्षमा केल्याचें सांगितलें, व त्यानंतरहि ती कांहीं वर्षें याच देशांत त्या कामांत राहिली. सहा वर्षांचें मूल जाळून ज्यांस धर्म राखल्याचा अभिमान वाटला, त्यांच्याशीं आमचें कोणत्याहि प्रकारचें नातें नाहीं. आम्ही राष्ट्राभिमानी म्हणवितों म्हणूनच हें आम्हांस इतरांहून मोठ्यानें सांगावें लागतें.

खरा राष्ट्राभिमान कसा असतो हें विठ्ठल रामजी शिंद्यांनीं दाखविलें. त्यांनीं सन १९०६ मध्यें मुंबईस अस्पृश्यवर्गाकरितां संस्था काढली, तिला इंग्रजींत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ असेंच नांव दिलें. मिशनऱ्यांस शिव्या देण्यांत वेळ न दवडतां त्यांनीं त्यांचा शब्द व त्यांची चिकाटी दोन्ही घेतलीं, आणि काम आपलें केलें. गोखल्यांच्या भारत सेवक समाजांतहि आजन्म सेवेची शपथ होती, आठ दिवसांची नव्हती.

मुक्कामी सेवेचा अलीकडील नमुना पाहावयाचा तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेडास जावें. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. नेवासें तालुक्यांतील वडाळ्याच्या मिशन दवाखान्यांत काम करितांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बरा करून पाठविलेला रोगी पुन्हां त्याच पाण्याचा व त्याच उपासमारीचा होऊन परत येतो. म्हणून अमेरिकेंत पुढील शिक्षण घेऊन, तेथें राहण्याची सोय असतां, सन १९७० मध्यें ते जामखेडास आले. पुढें १९७२ च्या दुष्काळाचे दिवस. विंधनविहिरी घेण्याची वेळ आली तेव्हां पाणी दलितवस्तींत लागेल अशीच जागा त्यांनीं धरली. साऱ्या गांवास घागर घेऊन त्या वस्तींत जाणें भाग पडलें. विहिरीच्या पाण्यावर आमच्या सभांतून किती ठराव पास झाले असतील, पण असा ठराव कोणास सुचला नव्हता.

परंतु त्यांची मोठी करामत याहून पुढची आहे. डॉक्टर व परिचारिका खेड्यांत टिकत नाहींत असें पाहून त्यांनीं प्रत्येक गांवास आपलीच एक बाई निवडून द्यावयास सांगितलें. या बाया बहुतेक निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींच्या, कांहीं नवऱ्यानें टाकलेल्या. आठवड्यांतून जामखेडास येऊन त्या एकेक गोष्ट शिकत: मुलांचें वजन घेणें, गरोदर बाई तपासणें, बाळंतपण स्वच्छ हातांनीं करणें, हगवण लागलेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी पाजणें, कुष्ठाचा चट्टा ओळखणें. ही स्वयंसेवाच, पण आपल्या गल्लींतली, आपल्या भाषेंतली, व रात्रीं-अपरात्रीं हांक मारतां येईल अशी. आरंभीं त्या भागांत हजारीं पावणेदोनशेच्या सुमारास तान्हीं मुलें वर्षाच्या आंत दगावत. संस्थेच्या नोंदींप्रमाणें हें प्रमाण पुढील दशकांत कित्येक पटींनीं उतरलें. सन १९७९ मध्यें या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई सन १९९९ मध्यें व डॉ. आरोळे सन २०११ मध्यें वारले. काम गांवच्या बायांच्या हातीं असल्यामुळें तें त्यांच्यामागें उभें राहिलें. आणि गंमत अशी कीं, परदेशचे डॉक्टर व विद्यार्थी आतां जामखेडास येतात ते आपल्या बायांपुढें बसून शिकण्यास.

तेव्हां आपल्या शहरांतील शाळा-समित्यांस व पंचमंडळींस आमची सूचना अशी आहे. परदेशची अथवा मुंबई-पुण्याची एखादी मंडळी आठ दिवसांच्या सेवेस येऊं म्हणेल, तर तिला नाहीं म्हणूं नये. पण प्रवासास किती खर्च येणार तें विचारावें, त्यांतील कांहीं भाग गांवच्या गवंड्याच्या मजुरीकरितां ठेवावा असें सुचवावें, आणि हें सर्व सभेच्या वृत्तांतांत लिहून ठेवावें. येणाऱ्यांत शस्त्रवैद्य, दंतवैद्य अथवा परिचारिका असेल तर तिनें निदान सहा महिने राहून इथल्या दोघांस आपलें काम शिकवावें, अशी विनंती करावी. आपला धर्म त्यांनीं लपवूं नये व आपण आपला विसरूं नये.

आतां दोन शब्द व्यापारी बंधूंस. दवाखान्याच्या कमानीवर वडिलांच्या नांवाची संगमरवरी पाटी बसविण्यास आपण लाख रुपये सहज देतां; आंतल्या सेविकेचा पगार तीन महिने थकला आहे हें पाटी वाचणारास दिसत नाहीं. येत्या पाडव्यास वहीपूजन करितांना आपल्या तालुक्यांतील एका आरोग्यसेविकेच्या वर्षाच्या मानधनाइतकी रक्कम धर्मादाय खातीं मांडावी. ती बाई मिशनच्या दवाखान्यांतली आहे, मठाच्या आहे कीं पंचायतीच्या, ही चौकशी त्या नोंदीकरितां करण्याचें कारण नाहीं.