बसच्या पाठीवर कुणाचं नाव?

मागच्या उन्हाळ्यात गोदीतून पंधरा दिवसांची सुट्टी काढून गावाकडं गेलो होतो. हिंगोली जिल्हा, सेनगाव तालुका. आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून आत चार किलोमीटर. गेल्या गेल्या कळलं की एका शिक्षणसंस्थेनं पालकांची बैठक लावलीय. संस्था कोणती ते लिहीत नाही. लिहिलं तर तीही जाहिरातच व्हायची.

बैठकीत संस्थेचे सचिव म्हणाले, शाळेची पिवळी बस तुमच्या वस्तीपर्यंत आणतो, पण डिझेल परवडत नाही. म्हणून बसच्या अंगावर जाहिराती घ्यायच्या. बियाणाची कंपनी तयार आहे, नांदेडचा एक क्लासवाला तयार आहे, एक पानमसाल्यावाला तर दुप्पट द्यायला बसलाय. दोन्ही बाजूंचा भाव सारखा, पाठीचा जास्त. का? तर गाडीच्या मागं लागलेल्या माणसाला ती पाटी वाचल्याशिवाय इलाज नसतो. आलेल्या पैशाचा 'शिक्षण निधी' करायचा.

सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठलो, तोंड उघडलं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून माय म्हणाली, "बाबू, तू गप बस. पाटी कशाची का असंना, गाडी येती का नाही तेवढं इचार."

मी गप बसलो. गोदीत मुकादमापुढं गप न बसणारा मी, मायपुढं गप बसलो. कारण तिचा प्रश्न खरा होता.

माझी धाकटी बहीण नववीत गेली. शाळा सात किलोमीटर. पोरीला एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे. मानव विकासच्या निळ्या गाड्या खास पोरींसाठी सुटतात, सरकारच्या पैशानं सुटतात. त्या चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलायचं. पण निळी गाडी डांबरी रस्त्यानं जाते. पास आहे, गाडी आहे, मधे चार किलोमीटर तुरीचं रान आहे. त्या रानात किती पोरींची शाळा सुटली ते आमच्या वस्तीतल्या बायांना विचारा. कायद्याला विचाराल तर तो हात वर करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली राज्यानं नियम केले. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. आठवी झाली की कायदा गाडीतून उतरतो. पोर फाट्यावर उभी राहते.

तर दोस्तांनो, हे संपादकीय म्हणजे मी मायला दिलेलं उत्तर आहे. तिथं सुचलं नाही, इथं गोदीत सुचलं. उशिरा सुचलं म्हणून ते खोटं होत नाही.

गोदीत मी रोज दुसऱ्यांची नावं उचलतो. पोत्यावर नाव, खोक्यावर नाव, कंटेनरवर तर घराएवढ्या अक्षरांत नाव. ज्यानं उचललं त्याचं नाव फक्त मुकादमाच्या वहीत. मी दहावी पास. आमच्याकडं म्हातारे अजून मॅट्रिकच म्हणतात. पण नाव लावणं म्हणजे काय, हे मी शाळेत नाही शिकलो, पाठीवर शिकलो. ज्याचं नाव वर, माल त्याचा. आता सांगा, बसच्या पाठीवर पानमसाल्याचं नाव असेल, तर आत बसलेली माझी बहीण कुणाचा माल?

ही अक्कल आपल्या सचिवांची नाही. ती अमेरिकेतून आलीय. कोलोरॅडो राज्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज म्हणून शहर आहे. तिथले मतदार शाळेसाठी वाढीव कर द्यायला तयार नव्हते. मग १९९३ साली तिथल्या शाळा-मंडळानं बसच्या अंगावरची आणि शाळेच्या व्हरांड्यातली जागा जाहिरातींना विकायला काढली. २०११ साली न्यू जर्सी राज्यानं तर कायदाच केला. शाळेच्या बसवर जाहिरात लावा, आणि आलेल्या पैशातला निम्मा बसच्या इंधनाला लावा. म्हणजे जगातला सगळ्यात श्रीमंत देश, आणि पोराला शाळेत न्यायला डिझेल नाही! पैसा नव्हता असं नाही. ज्याच्याकडं होता त्यानं द्यायचं नाकारलं, आणि बिल पोराच्या डोळ्यांवर फाडलं. हीच त्या धंद्याची सगळी गोम आहे.

आता आपल्याकडं या. १८ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं शासन निर्णय काढला. सरकारी शाळा दत्तक द्यायच्या. कंपनीनं, धनवानानं ५ किंवा १० वर्षांसाठी शाळा घ्यायची, रोख पैसा द्यायचा नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या. आणि बदल्यात? शाळेच्या नावाला आपलं नाव जोडायचं. भावही छापला. मोठ्या, म्हणजे अ आणि ब वर्गाच्या महापालिकेतली शाळा ५ वर्षांना २ कोटी, १० वर्षांना ३ कोटी. खेड्यातली शाळा ५ वर्षांना ५० लाख, १० वर्षांना १ कोटी.

बघा, भावातसुद्धा गावकूस आहे. शहरातल्या पोराच्या डोक्यावरचं नाव दोन कोटींचं, आमच्या पोराच्या डोक्यावरचं पन्नास लाखांचं.

आणि हे दान तरी म्हणायचं का? २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामाला लावावेच लागतात. जे कायद्यानं द्यायचंच आहे ते देऊन वर शाळेवर नाव. आम्ही आयुष्यभर कर दिला, आमचं नाव कुठल्या पायरीवर तरी आहे का?

या निर्णयानंतर तिसऱ्या दिवशी, २१ सप्टेंबर २०२३ ला, दुसरा कागद निघाला. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायच्या, त्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४,७८३, त्यांत पोरं १ लाख ८५ हजारांवर. दाखला दिला पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा आणि नंदुरबारच्या तोरणमाळचा. वीसच्या आत पट कुठं असतो? तांड्यावर, पाड्यावर, आमच्यासारख्या वस्तीवर.

आता हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा आणि वाचा. वस्तीतली शाळा लांब नेली की बस लागते. बस आली की डिझेल लागतं. डिझेलला पैसा नाही म्हटलं की जाहिरातवाला दारात उभा. आधी शाळा चालत जायच्या अंतरावर होती तेव्हा पोराच्या पायाला जाहिरात नव्हती. ही वाट एका पावलात आली नाही, म्हणून आपल्याला दिसली नाही.

जाहिरातीनं गाडी सुधारते, असंही सांगतात. मार्च २०२३ मधे विधानसभेत एक फोटो गाजला. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम आगाराची मोडकळीला आलेली एसटी, काचा फुटलेल्या, आणि तिच्या अंगावर नवीकोरी जाहिरात, तीही सरकारचीच. कारवाई कुणावर झाली? आगारातले कर्मचारी निलंबित! पत्रा सडला तो ज्यांनी सडू दिला ते खुर्चीत. मला त्या गाडीत सगळा देश दिसला. खिडकीला काच नाही, पण विकासाची पाटी चकचकीत.

दोस्तांनो, नावाची किंमत मराठवाड्याला शिकवू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि आमच्या वस्त्या पेटल्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेला मारलं. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठावर नाव लागलं, तेही नुसता विस्तार करून. एक नाव लावायला सोळा वर्षं, किती घरं, किती जीव! ज्यानं शिकवलं त्याचं नाव लावायला आम्ही रक्त दिलं. आणि आता ज्यानं शाळेला पंखे दिले त्याचं नाव पन्नास लाखांत, विनाठराव, विनादगड!

पैसा नाही म्हणता? १२ मार्च १९२७ ला, महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायच्या आठच दिवस आधी, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात हिशोब मांडत होते. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर काढतं. जेवढं दारूतून काढता तेवढं तरी शिक्षणावर लावा, एवढीच मागणी. त्याआधी १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला तेच सांगितलं होतं. सारा शेतकऱ्याच्या घामाचा, शाळा भटा-शेटजींच्या पोरांच्या. शंभर-दीडशे वर्षं झाली, प्रश्न तोच. गरिबाकडून घेतलेलं गरिबाच्या पोरावर का खर्च होत नाही?

२००४ साली शिक्षणाच्या नावानं दोन टक्के उपकर बसवला. नुसता साहेबाच्या पगारावर नाही, कारखान्यातून निघणाऱ्या मालावरही. म्हणजे साबणाची वडी घेणाऱ्या माझ्या मायनंही तो भरला. कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणाला द्या. तो अजून मिळाला नाही. मे २०२५ मधे सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यानं तक्रार केली. बहिणींना पैसे द्या, आमची ना नाही. पण एका बहिणीच्या ताटातलं काढून दुसरीला वाढायचं, ही कुठली माया?

आणि आमच्या औंढा तालुक्यात काय चाललंय माहीत आहे? गुरुत्वीय लहरी मोजायची वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मधे दिल्लीनं तिला २,६०० कोटी मंजूर केले. चांगलं झालं. विज्ञान वाढलंच पाहिजे. पण एक सांगा, त्या वेधशाळेच्या नळीवर पानमसाल्याची पाटी लावून खर्च काढा, असं कुणी म्हणालं का? नाही म्हणालं. कारण ते काम देशाचं आहे असं त्यांना वाटतं. आमचं पोर शाळेत पोचवणं हे मात्र कुणाचंच काम नाही, म्हणून ते जाहिरातवाल्याला दिलं!

अजून एक. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत चटपटीत, तेलकट, साखरेच्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात चालणार नाही, असा २०२० सालचा अन्नसुरक्षेचा नियम आहे. मग पोराला घेऊन सात किलोमीटर पळणारी बस म्हणजे शाळा नाही का? दारात चालत नाही ते चाकावर चालतं? पुस्तक मिटता येतं, टीव्ही बंद करता येतो. बसमधल्या पोराला आपल्याच गाडीची पाठ पुसता येत नाही. आमच्या पूर्वजाच्या पाठीला पेशवाईनं झाडू बांधला होता. तोही त्याला सोडता येत नव्हता.

बैठकीचं पुढं काय झालं ते सांगतो. पानमसाल्याचं नाव परत निघालं तेव्हा मायच उठली. "ते नगं," म्हणाली. एवढंच. माझा बाप तोंडाच्या कॅन्सरनं गेला. २०१२ पासून राज्यात गुटखा बंद आहे, पण बापाला तो शेवटपर्यंत मिळाला. पानमसाला गेला, क्लासवाला आला. जूनपासून बस येते. बहीण तिच्यात बसते. मी बस म्हणालो.

हो, बस म्हणालो. ज्याला हे चुकलं वाटतं त्यानं आमच्या तुरीच्या रानातून एकदा संध्याकाळी एकट्या पोरीच्या पायांनी चालून बघावं. बस आम्ही जाळणार नाही. पण तिला उपकारही म्हणणार नाही. आमच्या हक्काची गाडी आहे ती, फक्त भलत्याच नावानं आलीय.

परवा बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, त्या क्लासची फी लई हाय म्हणं. त्यात जायचं आपल्याला जमत नाही, अन् रोज त्येचीच पाटी पाठीमागं." मग जरा थांबून म्हणाली, "दादा, आपलं नाव लावायला किती पडतंय रं?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्ही द्या.

उत्तर असं द्या. आपापल्या वस्तीपासून शाळा किती किलोमीटर, ते पायानं मोजा आणि वहीत लिहा. आठवीनंतर गळलेल्या पोरींची नावं लिहा, पूर्ण नावं, बापाच्या नावासकट. ती यादी ग्रामसभेत वाचा, ठराव घ्या, डेपोला द्या, जिल्हा परिषदेला द्या. निळी गाडी वस्तीपर्यंत मागा. कच्चा रस्ता असेल तर आधी रस्ता मागा. सामाजिक न्यायाचा पैसा कुठं गेला ते माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे, तेवढी तरी ऐपत आहे आपली. आणि बसवर जाहिरात आलीच, तर निधीचा हिशोब दर महिन्याला शाळेच्या भिंतीवर लावायला लावा.

या यादीतलं पहिलं नाव आमच्या वस्तीतून येईल. पुढच्या सुट्टीत मी वही घेऊन जातोय. तुमच्या वह्या कुठं आहेत?

जय भीम.