सामान आणि माल

परदेशातून येताना लॅपटॉप जकात न भरता कसा आणता येईल, हा प्रश्न अलीकडे आपल्या व्यापारी वर्गात वारंवार ऐकू येतो. मुलगा दुबईस नोकरीला, पुतण्या जर्मनीत शिकावयास, आणि स्वतः शेटजी वर्षाकाठी एकदा सिंगापूरच्या प्रदर्शनास, अशा घरांत तो उठावा हे स्वाभाविकच आहे. प्रश्न विचारणाऱ्यास लागलीच बेइमान ठरविणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. कायद्याने दिलेली सवलत घेणे हा व्यवहार होय. न दिलेली सवलत लपवून घेणे हा अपहार होय. या दोहोंमधील रेषा पुष्कळांस ठाऊक नसते. त्यामुळे सज्जन मनुष्य विनाकारण भितो, आणि त्याच गोंधळाच्या आड धूर्त मनुष्य आपली पेटी भरतो.

वस्तुतः आपला कायदा या बाबतीत उदार आहे. 2004 सालच्या जानेवारीपासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशास एक लॅपटॉप बिनजकात आणण्याची मुभा आहे, आणि ती इतर वस्तूंच्या किमतीवर घातलेल्या मर्यादेहून निराळी आहे. ही दुसरी मर्यादा 2016 च्या नियमांनी बहुतेक देशांहून परतणाऱ्या भारतीयास 50,000 रुपये ठरविली होती; ती वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून निघण्यापूर्वी चालू आकडा पाहून घ्यावा. 3 ऑगस्ट 2023 रोजी सरकारने लॅपटॉपच्या आयातीस परवान्याचे बंधन घालण्याची अधिसूचना काढली व लगोलग तिची अंमलबजावणी पुढे ढकलली, हे आपणांस स्मरत असेल. त्या कडक अधिसूचनेतही प्रवाशाच्या सामानातून येणारे यंत्र वगळलेले होते. तेव्हा पावती फाडणे, खोके परदेशातच टाकून येणे, कोऱ्या यंत्रावर ओरखडे काढून ते जुने भासविणे, असे जे उपाय मोठ्या चातुर्याने एकमेकांस सांगितले जातात ते एका यंत्रापुरते निव्वळ हास्यास्पद आहेत. जे फुकटच मिळते त्याची चोरी कशासाठी करावयाची?

खरा वाद दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या लॅपटॉपचा आहे. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळविता येत नाही, असे 2016 च्या नियमांनी स्पष्ट सांगितले होते. आणि मूळ अट अशी की वस्तू खरोखरीची प्रवाशाची, त्याच्या अथवा कुटुंबाच्या उपयोगाची, किंवा भेट देण्याजोगी असावी. विक्रीसाठी आणलेली वस्तू पेटीत असली म्हणून सामान होत नाही. ती मालच राहते.

येथे दरांचा हिशोब पाहण्यासारखा आहे. 1996 च्या सिंगापूर घोषणेतून निघालेल्या माहिती-तंत्रज्ञान करारात आपला देश 1997 साली सामील झाला, आणि त्यामुळे संगणकावरील मूळ आयात-जकात शून्यावर आली. आज जो व्यापारी राजमार्गाने लॅपटॉप मागवितो त्यास 18 टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर भरावा लागतो; 90,000 रुपयांच्या यंत्रावर 16,200 रुपये. पण ही रक्कम त्याच्या खात्यावर जमा राहते आणि विक्रीच्या करातून वळती होते. उलट, सवलतीपलीकडील प्रवासी सामानावर 2018 साली समाजकल्याण अधिभार आल्यानंतर 38.5 टक्के जकात बसू लागली, आणि तिची वजावट कोणास मिळत नाही. हा भेद पाहून काहीजण सरकारला दूषणे देतात. आमच्या मते तो हेतुपुरस्सर आहे. व्यापाराचा माल व्यापाराच्या वाटेने यावा, पेटीतून येऊ नये, हेच हे दर सांगतात. म्हणजे पेटीचा धंदा किफायतशीर होतो तो केवळ लपविल्यानेच.

आणि लपविलेल्या मालाचा भार कोण सोसतो? बाजारपेठेत भाडे भरून, बिल फाडून, हमीपत्र देऊन विक्री करणारा आपलाच बंधू. त्याच्या शेजारी कोणी बिनबिलाचे यंत्र काही हजारांनी स्वस्त देऊ लागला की गिऱ्हाईक प्रथम त्याच्या सचोटीवरच संशय घेते. दुसरा सोसणारा याहून दुबळा असतो. परदेशी शिकणाऱ्या तरुणास 'येताना एवढ्या दोन पेट्या घेऊन ये' असे काका-मामांनी सांगितले, तर तो नाही म्हणू शकत नाही. हिरव्या मार्गाने बाहेर पडताना तो पकडला गेला, तर माल जप्त होणे, तो सोडवून घेण्यासाठी दंड, वर वेगळी शास्ती, हे सारे त्याच्या नावावर नोंदले जाते. काका-मामांचे नाव कोठेच येत नाही. वडिलकीचा असा उपयोग करणे हे आम्हांस जकात बुडविण्याहूनही हीन वाटते.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' सांगितला आहे. राज्याचा निर्बंध मोडून मालाची ने-आण करणे हा त्यात येतो, हे आपल्या व्यापारी पूर्वजांस कोणी समजावून द्यावे लागत नव्हते. तरीही मोह जुनाच आहे. 1961 पर्यंत गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना कॅसल रॉक हे सरहद्दीचे स्थानक होते व तेथे उतारूंची झडती होत असे. परदेशी घड्याळे आणि सोने तरीही चोरवाटांनी घाटावर येतच. आता ती सरहद्द उरली नाही. दाभोळी आणि मोपा येथील विमानतळांवर जेथे पेट्या उतरतात तेथे ती येऊन थांबली आहे, एवढेच.

जकात न्याय्य मार्गाने वाचविण्यास मात्र आमची हरकत नाही. उलट त्यात आपण फार मागे आहोत. मौल्यवान यंत्र बरोबर नेताना निघतेवेळीच जकात अधिकाऱ्याकडून निर्यात-दाखला घेतला, तर परतताना त्याच यंत्राविषयी वाद उरत नाही. हे किती जण करतात? आणलेल्या मालाची जकात भरावयाची नसेल, तर तो प्रामाणिकपणे जाहीर करून अधिकाऱ्याकडे ठेवावा व देश सोडताना परत न्यावा, अशीही कायद्यात सोय आहे. परदेशी गेल्यावर तेथील नियम पाहावेत. ब्राझीलमध्ये प्रवाशाचे एक घड्याळ, एक मोबाइल व एक कॅमेरा वैयक्तिक म्हणून सुटतो, पण परतणाऱ्या रहिवाशाचा नवा लॅपटॉप त्यात धरत नाहीत. विमानाने येणाऱ्यास 2022 पासून 1,000 डॉलरपर्यंत सूट व त्यापुढे 50 टक्के कर आहे. 'आमच्याकडे चालते' हे तेथे कोणी ऐकून घेत नाही. प्रदर्शनासाठी बरीच यंत्रे न्यावयाची असतील, तर 1961 च्या करारान्वये सुरू झालेले एटीए कार्नेट आपल्याकडे फिक्की ही संस्था देते; त्यावर यंत्रे जकात न भरता जातात आणि ठरल्या मुदतीत परत येतात. आपल्या संघाच्या कचेरीत या कार्नेटचे अर्ज व निर्यात-दाखल्याची माहिती ठेवावी, आणि परदेशी निघालेल्या सभासदाच्या हाती ती तिकिटाबरोबरच पडावी, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.