क्लास, कॉलेज की घरमालक? लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्यांची जबाबदारी नेमकी कुणाची?

समजा, तुमची बहीण लातूरला अकरावी सायन्सला आहे. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, शिकवणी दुसरीकडं, राहायला एका घराच्या वरच्या मजल्यावर आणखी पाच मुलींसोबत, जेवण तिसऱ्याच गल्लीतल्या मेसमध्ये. रात्री साडेदहाला ती अभ्यासिकेतून निघाली आणि अकरा वाजून गेले तरी रूमवर आली नाही. तिच्या रूम पार्टनरनं पहिला फोन कुणाला करायचा?

मी स्वतः अकरावी-बारावी नांदेडला रूम करून काढली. तेव्हा मला कुणी हे विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मैत्रिणीच्या दादाला. कॉलेजचा नंबर माझ्याकडं नव्हता. क्लासच्या ऑफिसचा होता, पण तो फीच्या हप्त्यासाठी. घरमालक काकू भल्या होत्या, पण नऊला गेट लावून झोपायच्या.

लातूरचा उद्योग भवन परिसर असो की नांदेडचं भाग्यनगर-श्यामनगर, हजारो मुलं-मुली अशाच राहतात. तिथं सुरक्षेचा विषय निघाला की बोलणं सीसीटीव्हीवर आणि दामिनी पथकाच्या फेऱ्यांवर येऊन थांबतं. दोन्ही हवंच. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा आहे की, या मुलांसाठी जबाबदार कोण? गंमत म्हणजे कायद्यात याचं उत्तर आहे. ते मुलांना आणि पालकांना कुणी सांगितलेलं नाही.

'पॅटर्न' कॉलेजातून बाहेर कसा पडला?

लातूर पॅटर्न म्हणजे क्लासेस, असं आज सगळ्यांना वाटतं. सुरुवात तशी नव्हती. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या कॉलेजांनी ही पद्धत बसवली. कॉलेजचेच प्राध्यापक जादा तास घ्यायचे, सराव परीक्षा व्हायच्या, पेपर तपासून चुका दाखवल्या जायच्या. शाहू कॉलेजचे प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढं १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तेव्हा दबाव नव्हता असं नाही. पण शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि मूल दोन दिवस दिसलं नाही तर विचारणारा माणूस एकाच आवारात होता.

मग बोर्डाच्या गुणांची किंमत घसरली. २०१६ पासून मेडिकलसाठी नीट सक्तीची झाली आणि अभ्यासाचं केंद्र कॉलेजातून क्लासमध्ये गेलं. कॉलेज उरलं प्रॅक्टिकलपुरतं आणि हॉल तिकिटापुरतं. हे 'टाय-अप' मोडायला शासनानं २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. त्याचं पुढं काय झालं हे कुठल्याही बारावीच्या मुलाला विचारा.

म्हणजे एका मुलाचे तीन तुकडे झाले. कागद कॉलेजकडं, दिवस क्लासकडं, रात्र घरमालकाकडं. काही झालं की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवू शकतात.

हा पैशाचा खेळ किती मोठा आहे याचा अंदाज २०१८ च्या जूनमध्ये आला. लातूरमध्ये एका क्लासचालकाचा गोळ्या घालून खून झाला आणि धंद्यातल्या स्पर्धेतून तो घडवल्याच्या आरोपाखाली त्याच्या जुन्या भागीदाराला अटक झाली. २०२४ च्या नीट पेपरफुटीच्या तपासातही लातूरचं नाव आलं. नांदेडच्या एटीएस पथकानं तिथल्या दोन शिक्षकांची चौकशी केली, गुन्हा नोंदला गेला, तपास सीबीआयकडं गेला. दोन्ही बातम्या देशभर चालल्या. पण खोलीत एकटं बसून तिसऱ्यांदा नीटची तयारी करणाऱ्या रिपीटरची बातमी होत नाही. झालीच तर फार उशिरा होते.

सुप्रीम कोर्टानं काय सांगितलंय?

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीचा जुलै २०२३ मध्ये मृत्यू झाला. तपास सीबीआयकडं द्यावा म्हणून तिचे वडील सुप्रीम कोर्टात गेले. २५ जुलै २०२५ ला न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांनी तपास सीबीआयकडं दिला. सोबत देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. सरकार स्वतंत्र कायदा करेपर्यंत ती कायद्यासारखीच पाळायची आहेत.

आपल्या कामाचा भाग असा की, ही तत्त्वं कॉलेज आणि विद्यापीठांपुरती नाहीत. क्लासेस आणि वसतिगृहंही त्यात आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, वसतिगृहात, वेबसाइटवर ठळक अक्षरात लावायचे. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. रॅगिंग, लैंगिक छळ, जातीवरून होणारा त्रास यांची तक्रार ऐकायला व्यवस्था ठेवायची आणि तक्रारदाराला सांभाळायचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमायलाही कोर्टानं सांगितलं.

ज्या शहरांत जास्त काळजी घ्यायची त्यांत कोर्टानं कोटा, जयपूर, सीकर, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली, मुंबई ही नावं घेतली आहेत. लातूर-नांदेड नाहीत. पण यादी तिथं संपत नाही. बाहेरून मोठ्या संख्येनं विद्यार्थी येतात अशी इतर शहरंही त्यात धरली आहेत. धाराशिव, हिंगोली, परभणी, बीडची मुलं भरभरून येणारी ही दोन शहरं त्यात बसत नसतील तर मग कुठली बसतील?

आकडा एकदा बघून ठेवू. एनसीआरबीच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. हे सगळे कोचिंगवाले होते असा याचा अर्थ नाही, आणि प्रत्येक मृत्यूमागं एकच कारण असतं असंही नाही.

'क्लासला कायदाच नाही' हे अर्धसत्य आहे

खासगी शिकवण्यांसाठी वेगळा कायदा करायचा मसुदा महाराष्ट्रात २०१८ मध्ये चर्चेत होता. त्यामुळं 'कायदाच नाही तर करणार काय' हे वाक्य आपल्याकडं पाठ झालंय. पण जुने कायदे उघडून बघा.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. त्यात 'शैक्षणिक संस्था' या शब्दाची व्याख्या कॉलेजवर थांबत नाही. वसतिगृह, बोर्डिंग आणि शिकवणीची संस्थासुद्धा त्यात येते. तक्रार आली तर प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून पोलिसांना कळवायचं. प्रमुखानं टाळाटाळ केली तर त्यानं रॅगिंगला साथ दिली असं धरलं जातं. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश बंद. मी दोन वर्षं नांदेडला होते, या कायद्याचं नावसुद्धा तिथं ऐकलं नाही.

आपण ज्याला अजूनही 'विशाखा समिती' म्हणतो ती अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी हवी. खासगी शैक्षणिक व्यवसायही त्यात धरलेत. तक्रार करणारी मुलगी तिथं नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे क्लासमधली विद्यार्थिनीही या समितीकडं जाऊ शकते.

ती १८ च्या आतली असेल तर पोक्सो लागतो, आणि अकरावी-बारावीच्या बहुतेक मुली १८ च्या आतल्याच असतात. तिथं 'आपसात मिटवू' हा पर्यायच नाही. गुन्हा कळूनही पोलिसांना न सांगणारा संस्थाचालक स्वतः गुन्हेगार ठरतो, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. २०२५ च्या जूनमध्ये शेजारच्या बीडमध्ये नीटची तयारी करणाऱ्या अल्पवयीन मुलीच्या छळाच्या आरोपावरून एका खासगी क्लासच्या दोन शिक्षकांवर पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. विषय विधिमंडळात गाजला, एसआयटी नेमावी लागली. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत एकच चर्चा झाली असेल, 'पोरीला परत आणायचं का?' मुली बोलत नाहीत याचं एक मोठं कारण हेच आहे. तक्रार केली की शिक्षण बंद होतं ते तिचं.

रँकर बॅच आणि व्हॉट्सअॅप ग्रुप

आता सगळ्यात अवघड जागी येऊ. गुणांवरून बॅचेस वेगळ्या करू नका, चारचौघांत अपमान करू नका, झेपणार नाहीत अशी टार्गेट्स देऊ नका, असंही कोर्ट म्हणतं. मात्र सोबत 'शक्यतो' हा शब्द आहे. या एका शब्दातून अख्खी रँकर बॅच आरामात निघून जाईल असं मला वाटतं.

कारण धंदाच त्यावर उभा आहे. टॉपरचा फोटो फ्लेक्सवर लागतो, फ्लेक्स बघून पुढच्या वर्षीचे प्रवेश होतात. मग चांगले शिक्षक आणि लक्ष पहिल्या बॅचकडं जातं, फी मात्र सगळ्यांची येते. माझ्या वेळी दर रविवारच्या टेस्टचा निकाल पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायचा, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत, नावासकट. सोमवारी सकाळी आईचा फोन आला की ती जेवलीस का विचारायच्या आधीच मला कळायचं, यादी बघून झालीय.

गणित साधं आहे. २०२४ च्या नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे वीस जणांत एकाला धड जागा नव्हती. उरलेली एकोणीस मुलं नापास नाहीत, त्यांच्यासाठी जागाच नव्हती. हे गणित प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगत नाही.

आणि घरच्यांनी लावलेला पैसा मुलाला पुरता ठाऊक असतो. शेत गहाण टाकलंय, आई गावचं घर सोडून शहरात खोली करून राहिलीय, किंवा रोज सकाळी एसटीनं डबा येतोय. असं मूल 'मला हे जमत नाहीये' कुणाला सांगणार?

इथं एक नियम खरंच कामाचा आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी. क्लासचंच वसतिगृह असेल तर त्याचे आणि मेसचेही पैसे. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, दिवसात पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको, आठवड्याची सुट्टी हवी, हेही त्यात आहे. या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत, त्यामुळं काउंटरवर 'आम्हाला लागू नाही' असं ऐकायला मिळेल. तरी विचारा, आणि पावतीवर लिहून मागा. पैसे भरण्याआधी तुमचं ऐकून घेतलं जातं, नंतर नाही.

त्याच काउंटरवर आणखी विचारायचं. समुपदेशक कोण, आठवड्यातून कोणत्या दिवशी बसतात? अंतर्गत समितीत कोण आहे? रात्री नंबर कुणाचा? टेस्टचे निकाल ग्रुपवर टाकणार का? समोरचा गोंधळला तर तेही उत्तरच आहे. रूम घेताना घरमालकालाही शेवटचा फोन नंबर विचारा, कुठली लाज त्यात?

पुढं डिग्रीला गेल्यावर?

विद्यापीठ आणि मेडिकल-इंजिनिअरिंग कॉलेजांत समित्या जास्त आहेत. यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून, लैंगिक छळाबाबतचे २०१५ चे आहेत. तरीही मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला उच्च शिक्षणातल्या आत्महत्यांचा अभ्यास करायला माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमावं लागलं. सोळाव्या वर्षी 'गप्प बस, दोनच वर्षं आहेत' हे शिकलेली मुलगी विसाव्या वर्षी समितीसमोर एकदम बोलू लागेल, ही अपेक्षा मला तरी फार वाटते.

रात्री अकराच्या त्या फोनसाठी: पोलीस ११२. १८ च्या आतल्या मुलामुलींसाठी चाइल्डलाइन १०९८. रॅगिंगसाठी यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मन जड झालं असेल, जगणं नको वाटत असेल किंवा मित्राबद्दल तशी शंका येत असेल तर टेलिमानस १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.