जास्वंदीला घरात घ्या!



गणपती झाले की न्यू जर्सीतल्या आपल्या घरांत दरवर्षी एक गोष्ट घडते. मे महिन्यात हौसेनं आणलेली जास्वंद डेकवरच राहते. ऑक्टोबरात एखादी रात्र गोठवणारी येते आणि सकाळी पानं काळी पडून लोंबत असतात. "जाऊ दे, पुढच्या वर्षी दुसरी आणू," असं मोठी माणसं म्हणतात. आम्हा मोठ्या गटातल्या मुलांना हे मुळीच पटत नाही.

गेल्या वर्षी आपल्या वर्गाची कुंडीसुद्धा अशीच गेली. बाईंना वाटलं, मुलांनी आत ठेवली असेल. आम्हांला वाटलं, बाईंनी ठेवली असेल. त्याच झाडाची लाल फुलं आपण गणपतीला वाहिली होती आणि त्यातलं एक उभं कापून पुंकेसर, स्त्रीकेसर पाहिले होते. चूक आमचीही होती, म्हणून हे लिहीत आहोत.

जास्वंद हे उष्ण प्रदेशातलं सदाहरित झुडूप. आजीच्या अंगणात ती वर्षानुवर्षं फुलते. मग इथेच ती एका उन्हाळ्याची पाहुणी का?

आई-बाबा तीन कारणं सांगतात: जागा नाही, किडे येतात, पानं गळतात. जागा नसेल तर झाड थोडं छाटा. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे नुकसान होत नाही. मावा आणि पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूला लपतात. आत घेण्याआधी ती बाजू पाण्यानं नीट धुवा. हिवाळ्यात ऊन कमी म्हणून काही पानं पिवळी होऊन गळणारच. दक्षिणेकडच्या खिडकीत कुंडी ठेवा आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. झाड मेलं असं वाटलं तर फांदीची साल नखानं जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे!

रात्रीचं तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या (१० सेल्सिअस) खाली जाऊ लागण्याआधीच कुंडी आत हवी. मेअखेरीस बाहेर काढताना आठवडाभर सावलीत ठेवून मग उन्हात न्या, नाहीतर पानं करपतात. आणि दुकानातली चिठ्ठी वाचा. 'हार्डी' हिबिस्कस थंडीत बाहेर टिकते, 'ट्रॉपिकल' टिकत नाही.

एवढं करूनही एखादं झाड दगावेल, हे मान्य. म्हणून जूनमध्येच चार-पाच इंचांच्या दोन फांद्या कापा, खालची पानं काढा, ओल्या वाळूत खोचा आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो. एक रोप घरी ठेवा, एक वर्गातल्या मित्राला द्या.

आमचं मागणं एकच आहे. हे काम आम्हांला द्या. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणीच करत नाही, हे आम्ही शिकलो आहोत. यंदा वर्गाच्या कुंडीवर पाळी असलेल्या मुलाचं नाव चिकटवलं आहे. घरच्या कुंडीवरही आमचं नाव लिहा, आणि आम्ही विसरलो तर खुशाल रागवा.

पण "दुसरी आणू" म्हणण्याआधी एकदा ती साल खरवडून बघा.

तुमची,
मोठ्या गटातली मुलं