रेकॉर्ड घेण्याआधी

मैत्रिणींनो, साधी साडी घ्यायची तर आपण दहा घड्या मोडायला लावतो. पण संगीताची रेकॉर्ड मात्र नुसतं नाव बघून घेतो. गेल्या महिन्यात आमच्या तळवलीच्या घरात यावरूनच चर्चा रंगली.

लेक नववीत आहे, कथक शिकते. वाढदिवसाला तिनं चक्क स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ची, म्हणजे ‘वसंतविधी’ची, रेकॉर्ड मागितली. हे म्हणाले, “फोनवर फुकट ऐकता येतं की!” मी म्हटलं, “मग आधी फोनवर ऐकू, आणि पटेल तीच विकत घेऊ.”

हे बॅलेचं, म्हणजे नृत्यनाट्याचं संगीत. 29 मे 1913 रोजी पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा केला होता. गोष्ट अशी : वसंतासाठी बळी म्हणून टोळीतली एक मुलगी निवडली जाते. वडीलधारे भोवती गोल करून बघतात आणि ती नाचता नाचता प्राण सोडते.

सगळं मिळून जेमतेम पस्तीस मिनिटांचं काम. पण प्रत्येक वेळी सगळं ऐकायची गरज नाही. तीनच जागा ताडून बघा. सुरुवातीला बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य एकटंच वाजतं. आवाज मुळात खर्जातला, पण इथं मुद्दाम अगदी वर चढवलेला. तो ताण जाणवायला हवा. दुसरी जागा दुसऱ्या भागात. मुलगी निवडली गेली की ओळीनं अकरा ठोके पडतात. लेकीनं ते बोटांवर मोजले! ते एकमेकांत मिसळता कामा नयेत. तिसरी जागा शेवटचा नाच. आणि हो, फोनच्या इवल्याशा स्पीकरवर ढोल नीट ऐकू येत नाही. शेजारणीकडून मोठा स्पीकर मागून आणा, मी आणला.

आम्ही तीन ध्वनिमुद्रणं निवडली. पहिलं झुबिन मेहतांचं, लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाबरोबर 1969 साली केलेलं. 1936 साली मुंबईत जन्मलेला हा माणूस, म्हणून यांचं मत आधीच तिकडे! वेग आणि झळाळी अशी, की ऐकणारा वाहून जातो. दुसरं पिएर बुलेझ यांचं, क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाचं, तेही 1969 चंच. यात वाद्यन् वाद्य वेगळं ऐकू येतं. तिसरं खुद्द स्ट्राविन्स्कीनं 1960 मध्ये केलेलं. काहीसं कोरडं, पण ठसठशीत. ज्यानं रचलं त्याचंच उत्तम, असं धरून मात्र चालू नका.

बुलेझ यांचा शेवटचा नाच ऐकताना लेकीनं विचारलं, “आई, ती थांबत का नाही? आणि ते म्हातारे नुसतेच बघतात?”

मला उत्तर सुचेना. भाजी निवडत बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, “माझ्या धाकट्या बहिणीला पंधराव्या वर्षी शाळेतून काढलं. सुपारी फुटली तेव्हा आम्ही सगळे असेच गोल बसलो होतो. एकानंही ‘थांबा’ म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.”

घरात कुणी काही बोललं नाही. मग लेकीनं तो नाच पुन्हा लावला, आणि या वेळी सासूबाई भाजी बाजूला ठेवून ऐकत बसल्या.

आम्ही बुलेझ यांची रेकॉर्ड घेतली. मेहतांची ऐकताना मी त्या वेगात रंगून गेले होते, मुलीचा विसरच पडला होता. बुलेझ यांच्यात तिचं पाऊल न् पाऊल ऐकू येतं. तुम्हाला कदाचित दुसरी पटेल, काही बिघडत नाही. मात्र घेण्याआधी तिन्ही ऐका, एकाच आवाजात, एकाच स्पीकरवर. आणि ऐकताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवा. त्यांना यातलं काय कळणार, असं मलाही वाटलं होतं!