बंद चित्रगृहाची राखण

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, अगदी पहिल्याच अध्यायात, एक मोठी सूचक कथा आली आहे. देवांपुढे पहिला नाट्यप्रयोग चालला असता विघ्नांनी त्यात व्यत्यय आणिला व नटांची वाचा आणि हालचाल खुंटविली. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले, आणि त्या गृहाच्या एकेका भागाची राखण एकेका देवतेस नेमून दिली. मंडपावर चंद्र, दिशांना लोकपाल, नेपथ्यभूमीत मित्र, वेदिकेपाशी अग्नी, अशी ही वाटणी आहे. दारावर तर कृतांत आणि काळ यांचीच नेमणूक झाली.

ही व्यवस्था चालत्या नाट्यगृहाची झाली. खेळ कायमचा थांबल्यावर त्या वास्तूवर लक्ष कोणी ठेवावे, याविषयी मुनींनी काही सांगितलेले आढळत नाही. त्यांच्या काळी तो प्रश्न उपस्थित झाला नसेल. आपल्या काळी मात्र तो प्रत्येक शहराच्या पेठापेठांतून उभा आहे.

आमच्या पेठेतही असे एक चित्रगृह आहे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सरकारी आज्ञेने सर्वच चित्रगृहांना टाळी लागली. पुढे इतरांची निघाली, याचे निघाले नाही. प्रस्तुत लेखकाच्या घराचा सज्जा नेमका त्याच्या दर्शनी भिंतीसमोर येत असल्यामुळे, इच्छा असो वा नसो, या वास्तूवर रोज नजर जातेच. लोखंडी सरकत्या दाराचे कुलूप गंजून तांबडे झाले आहे. तिकिटाच्या खिडकीवर पत्रा ठोकला आहे. छज्जाच्या फटीत पिंपळाचे रोप रुजले होते, ते आता हातभर उंच झाले आहे. 'आगामी आकर्षण' अशी अक्षरे असलेली चौकट अद्याप शाबूत आहे; तिच्यात आकर्षण तेवढे नाही.

वास्तूपेक्षा तिचा परिसर अधिक झपाट्याने पालटला. पूर्वी आमच्या गल्लीचे घड्याळ म्हणजे हे चित्रगृह. तीनचा खेळ सुटला की सहा वाजले, सहाचा सुटला की पानावर बसण्याची वेळ झाली, असा हिशेब स्वयंपाकघरातूनही चालत असे. दारापुढे शेंगदाणेवाला, कोपऱ्यावर चहावाला, पलीकडे सायकलींचा तळ, ही सारी मंडळी त्या एका दारावर पोट भरीत. आज चहाच्या जागी भ्रमणध्वनी दुरुस्त करण्याचे दुकान आहे, सायकलींच्या तळावर एका शिकवणीच्या वर्गाची पाटी लागली आहे, आणि दोन्ही बाजूंचे वाडे जाऊन तेथे पाच-सहा मजली इमारती उठल्या आहेत. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती, ती दार बंद झाल्यावर आली. नऊचा खेळ सुटेपर्यंत, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत, ही गल्ली उजेडात आणि माणसांत असे. उशिरा घरी परतणाऱ्या मुलीबाळींना त्या उजेडाचा केवढा आधार होता, हे तो गेल्यावर कळले.

गेल्या पंधरवड्यात आमच्या इमारतीच्या सभेत या वास्तूचा विषय निघाला. कोणी म्हणाले, ही जागा महापालिकेने घ्यावी आणि येथे वाहनतळ करावा. कोणी म्हणाले, मालकाने ती एकदाची पाडून टाकावी, डास तरी कमी होतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. गाड्या लावावयास जागा नाही, हे खरे. आणि पडक्या आवारात पावसाचे पाणी तुंबते, हेही खरे. तथापि या दोन सूचनांपलीकडे तिसरे काही सभेस सुचले नाही, याचे नवल वाटले, आणि त्यावरच चार शब्द लिहावे असे मनात आले.

पुणेकरांना या प्रश्नाची ओळख नवी नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, १९१५ साली, बापूसाहेब पाठक यांनी पुण्यात मंडईजवळ 'आर्यन' हे चित्रगृह काढले. मूकपटाच्या त्या दिवसांपासून बोलपट, पुढे रंगीत बोलपट, असे सारे युग या एका छपराखालून गेले, आणि १९८३ साली आर्यन बंद झाले. आज तेथे महापालिकेचे बहुमजली वाहनतळ आहे. त्यास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे, तरी लोकांच्या तोंडी ते 'आर्यनचे पार्किंग' म्हणूनच आहे. जवळच्या मिनर्व्हा चित्रगृहाचीही तीच गती झाली. तेही गेले आणि 'मिनर्व्हा पार्किंग' मागे उरले. ज्यांनी या दोन गृहांत एकही खेळ पाहिला नाही, ती तरुण मुले आपली दुचाकी लावताना दिवसातून दोनदा त्यांचे नामस्मरण करतात! टिळक चौकासही 'अलका टॉकीज चौक' म्हटल्याखेरीज रिक्षावाल्यास पत्ता कळत नाही.

याच्या नेमका उलट प्रकार अप्पा बळवंत चौकाजवळ घडला. १९३४ साली तेथे 'प्रभात' चित्रगृह सुरू झाले. जागा किबे यांची, आणि नाव कोल्हापुरास १९२९ साली स्थापन होऊन १९३३ साली पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे. कंपनी १९५३ साली बंद पडली. परंतु चित्रगृहाने तिचे नाव त्यानंतर साठ वर्षे मिरविले. २०१४ च्या अखेरीस करार संपून ते मूळ मालकांकडे गेले, आणि पुढे 'किबे लक्ष्मी' या नावाने पुन्हा उघडले. म्हणजे आर्यनचे घर गेले नि नाव राहिले. प्रभातचे नाव गेले नि घर राहिले. दोहोंपैकी अधिक काय टिकले, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे कठीण आहे. कारण नाव म्हणजे चित्रगृह नव्हे, आणि भिंती म्हणजेही नव्हे.

मग चित्रगृह म्हणजे काय? आपल्या पांढरपेशा कुटुंबांनी तरी हा प्रश्न मनास विचारावा. आरंभी या करमणुकीकडे आपल्यांतील कित्येक वडीलधारी माणसे नाक मुरडूनच पाहत. पुढे १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला, तेव्हा ज्यांनी कधी चित्रगृहाची पायरी चढली नव्हती अशी माणसेही देवदर्शनास जावे तशी तो पाहावयास गेली. मुंबईस तो एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. घरच्या बायकांना देऊळ, माहेर आणि हळदीकुंकू यांपलीकडे उजळ माथ्याने जाता येईल असे आणखी एक ठिकाण या गृहांनी उघडले. तेथे शेजारच्या खुर्चीवर कोण बसेल, हे आपल्या हाती नसे. मंडईतला हमाल, कचेरीतला कारकून, शाळेतला मास्तर हे एकाच प्रसंगास हसत आणि एकाच प्रसंगास डोळे पुसत. अनोळखी माणसांबरोबर अंधारात तीन तास बसून एकच सुख-दुःख भोगणे, ही सवय आपणांस या गृहांनी लाविली. आता चित्रपट तर घरात, किंबहुना तळहातावर आला आहे. परंतु ती सवय घरात कशी येणार?

चित्रगृहे बंद का पडतात, याचा दोष केवळ मालकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. दूरदर्शन मुंबईस १९७२ साली आले, पुण्यास त्याच्या पुढल्या वर्षी, आणि १९८२ साली ते रंगीत झाले. मागोमाग व्हिडिओ आला, मग उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या आल्या. पुढे बहुपडदा चित्रगृहे निघाली. त्यांना आरंभीची काही वर्षे करमणूक करात सवलत मिळाली, जुन्यांना मात्र पूर्ण कर भरावा लागे. एकाच दालनात आठशे-हजार खुर्च्या असल्या म्हणजे त्यांतील पन्नास भरल्या तरी दिवे, पंखे आणि नोकर पूर्ण लागतात. उलट पेठेतील जमिनीचे मोल मात्र खेळाच्या उत्पन्नाच्या कित्येक पटींनी वाढलेले. अशा वेळी भावा-भावांच्या वाटणीत सापडलेला मालक काय करील? त्यास उपदेश करणे सोपे आहे. त्याचे नुकसान सोसण्यास मात्र आपल्यापैकी कोणी पुढे येणार नाही.

बंद दार पुन्हा उघडतच नाही, असेही नाही. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद झाले. मूळचे ते नाट्यगृह. पुढे तेथे चित्रपट दाखविले जात. ते गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीचे. ओसाड पडलेल्या या वास्तूचे नाव २०१२ साली जागतिक पातळीवरील धोक्यातील वास्तूंच्या एका सूचीत आले, मालकांनी जीर्णोद्धार करविला, आणि तेवीस वर्षांनी, २०१६ च्या ऑक्टोबरात, ते पुन्हा उघडले. परंतु त्या वास्तूस शिल्पाचे वैभव होते आणि पाठीशी राजघराणे होते. आमच्या पेठेतील चित्रगृहास यांपैकी काहीच नाही. ते साधे आहे, आणि साध्या वास्तूंची सूची कोणी करीत नाही.

येथेच शेजाऱ्यांचे कर्तव्य सुरू होते, असे आम्हांस वाटते. जागेचा हक्क मालकाचा आहे. परंतु साक्षीचा हक्क शेजाऱ्याचा आहे. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो साक्षी, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीने सांगितली आहे. ऐकीव सांगणारा साक्षी होत नाही. आणि पाहिलेली माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून वास्तू पडण्यापूर्वी तीन गोष्टी करून ठेवाव्या. पहिली गोष्ट नोंदीची. चित्रगृह कोणत्या साली निघाले, खुर्च्या किती होत्या, कोणता खेळ किती आठवडे चालला, यंत्र चालविणारा कोण, दारावर तिकिटे फाडणारा कोण, हे त्या त्या माणसाकडे जाऊन विचारावे आणि वहीत उतरून घ्यावे. पेठेतल्या मुलांना सुट्टीत याहून चांगला उद्योग मिळणार नाही. दुसरी गोष्ट कागदांची. जुनी हस्तपत्रके, गाण्यांच्या चोपड्या, तिकिटांचे तुकडे, छायाचित्रे अनेकांच्या ट्रंकांत पडून असतात. ती रद्दीत न घालता पुण्यातच १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करावी. कागद आणि फीत यांचा भरवसा नसतो. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यातच जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागून फार मोठा ठेवा भस्मसात झाला. वेदिकेचा रक्षक म्हणून नेमलेला अग्नीच तेथे भक्षक ठरला. एकाच ठिकाणी असलेली वस्तू एका रात्रीत जाते, म्हणून नकला दोन ठिकाणी असाव्या.

तिसरी गोष्ट मागणीची, आणि ती करावयाची वेळ हीच आहे. त्या जागी वाहनतळ होवो की इमारत होवो, तीत शंभर-दीडशे माणसे एकत्र बसतील एवढे एक दालन असावे, आणि त्यास जुन्या चित्रगृहाचे नाव असावे, असे विनंतीपत्र पेठेने सह्या करून मालकास व महापालिकेस द्यावे. आराखडा मंजूर झाल्यावर हळहळण्यात अर्थ नसतो. गाड्यांना जागा हवी, हे कबूल. पण माणसांनाही थोडी हवी.

आमच्या इमारतीच्या पुढील सभेत हे विनंतीपत्र वाचले जाणार आहे. ते मान्य होईल की नाही, हे सांगता येत नाही. परंतु ज्या वाचकांच्या पेठेत असे एखादे दार मिटलेले असेल, त्यांनी निदान वही घेऊन त्या यंत्रचालकाच्या घरी या महिन्यातच जाऊन यावे. तोही आता वृद्ध झाला असेल.